जीवशास्त्राची हेळसांड

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील सहस्रावधी घरांत एकच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देण्यास मुदत फार थोडी असते. 'गणित की बायोलॉजी?' विज्ञानशाखेकडे वळू पाहणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढे हा प्रश्न टाकला जातो तो शास्त्राची आवड जोखण्यासाठी नव्हे, तर धंदा ठरविण्यासाठी. गणित घेईल तो एंजिनियर, जीवशास्त्र घेईल तो डॉक्टर. ही वाटणी आपल्या अंगी इतकी मुरली आहे की ती कोणी केली, केव्हा केली, व तिला शास्त्राचा काही आधार आहे की नाही, हे विचारण्याची कोणास गरजच भासत नाही. आमच्या मते ही वाटणी सर्वस्वी खोटी आहे. तिने एका थोर शास्त्रास वैद्यकाच्या दारावरचे जकातनाके करून टाकले आहे. आणि ज्या मुलांस त्या दारातून आत जाता येत नाही त्यांच्या हाती दोन वर्षांच्या अखेरीस ना शास्त्र उरते, ना उत्साह. ह्या लेखात आम्ही अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राची जी हेळसांड चालली आहे तिचा विचार करणार आहोत, आणि तिच्या समर्थनार्थ जी कारणे मोठ्या ठामपणे सांगितली जातात ती कितपत टिकतात हेही पाहणार आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बारावीच्या जीवशास्त्रास आपल्या राज्यमंडळाने ७० गुण लेखी परीक्षेस व ३० गुण प्रात्यक्षिकास ठेवले आहेत. कागदावर ही योजना निर्दोष आहे. शंभरातले तीस गुण हाताने करण्यास व डोळ्याने पाहण्यास, याहून अधिक काय हवे? परंतु प्रत्यक्षात काय घडते ते विद्यार्थी, पालक व अध्यापक हे तिघेही जाणतात, आणि तिघेही बोलत नाहीत. मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते व मूल दिवसभर दुसरीकडे, शिकवणीच्या वर्गात असते. ह्या सोयीस 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव मिळाले आहे. २०१८ साली सरकारने विज्ञानशाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बोटाच्या ठशाने हजेरी घेण्याचा हुकूम काढला, तो ह्याच प्रकारास आळा घालण्यासाठी. सरकारास असा हुकूम काढावा लागला यातच सर्व आले. प्रात्यक्षिकांचे जर्नल मागील वर्षीच्या जर्नलावरून उतरविले जाते. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती पापुद्रा न सोलता काढली जाते. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फॉर्मॅलिनच्या बरण्या पुसून ओळीने मांडल्या जातात व 'स्पॉटिंग'ला काय काय येईल याची यादी हातोहात फिरते. तीस गुण देणारा व घेणारा, दोघेही हे गुण म्हणजे एक रीत आहे असे समजून वागतात.

मग मुलाची दोन वर्षे जातात कोठे? ती जातात देशव्यापी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे 'नीट'च्या, तयारीत. २०२५ साली ह्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावयाचे होते. त्यांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० गुणांपैकी ३६०. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. एका प्रश्नास सरासरी एक मिनिट आणि त्यातही चार पर्यायांपैकी एकावर खूण करणे, हे ज्या कौशल्याचे नाव आहे ते कौशल्य आम्ही तुच्छ मानीत नाही. पण ते जीवशास्त्र नव्हे. निसर्गाने आजवर कोणाही संशोधकाच्या प्रश्नाचे उत्तर एका मिनिटात दिलेले नाही, व चार पर्यायही पुढे ठेवलेले नाहीत. ज्या मुलाने दोन वर्षे केवळ खुणा करण्याचा सराव केला त्यास 'ह्या झाडाची पाने खालून का पिवळी पडू लागली?' असा साधा प्रश्न विचारला असता तो पर्याय शोधू लागतो, झाडाकडे पाहत नाही.

ह्यावर पहिला आक्षेप असा येतो की, परीक्षा घ्यावयाची नाही तर निवड करावयाची कशी? २०२५ साली ह्या परीक्षेस सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. त्या वेळी एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून एक लाखाहून काहीशा अधिक होत्या. इतक्या मोठ्या समुदायातून इतके थोडे निवडावयाचे तर काही ना काही चाळणी लागणारच. हे आम्हांस मान्य आहे. किंबहुना २०२४ साली प्रश्नपत्रिका फुटल्यावरून जो गदारोळ झाला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हाही ही परीक्षाच नको असे आम्ही म्हटले नसते. आमचे म्हणणे इतकेच आहे की चाळणीने धान्य निवडता येते, पिकविता येत नाही. चाळणीलाच नांगर समजून शेतात ओढीत नेणाऱ्या शेतकऱ्यास आपण हसू. परंतु चाळणीच्या भोकांच्या मापाने दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखणाऱ्या शिक्षणव्यवस्थेस आपण 'निकाल देणारी' म्हणून गौरवितो!

शिवाय वरील आकड्यांचा उलट अर्थ कोणी लक्षात घेत नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादींच्या जागा जमेस धरल्या तरी बहुतांश मुले बाहेरच राहतात. त्यांतील काही वर्षभर थांबून पुन्हा बसतात, काही दुसऱ्यांदाही थांबतात. अखेर जो बी.एस्सी.च्या वर्गात येतो तो जीवशास्त्राची आवड म्हणून नव्हे, तर पराभूत होऊन येतो. ज्या शास्त्राच्या पदवीवर्गात बहुसंख्य विद्यार्थी हे दुसऱ्या दारावरून परत फिरलेले असतात, त्या शास्त्राची त्या समाजात काय प्रतिष्ठा राहणार? वर्गाची व्यवस्थाच जर नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना 'तुम्ही हरलात' असे सांगण्यासाठी केलेली असेल, तर दोष त्या मुलांचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे व अधिक घातक आहे. जीवशास्त्र हे पाठांतराचे शास्त्र आहे. गणिताची भीती वाटते त्याने ते घ्यावे. असे आमचे सुशिक्षित गृहस्थसुद्धा बोलतात. ह्या समजुतीस इतिहासात कोठेही आधार नाही. ज्या मेंडेलच्या नावाने बारावीच्या आनुवंशिकतेच्या प्रकरणाची सुरुवात होते तो व्हिएन्नात पदार्थविज्ञान व गणित शिकून आलेला होता. १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्याने वाटाण्याची हजारो रोपे वाढविली आणि प्रत्येक पिढीतील उंच किती, खुजी किती, गोल बी किती, सुरकुतलेली किती हे मोजले. वाटाणे त्याच्यापूर्वी पुष्कळांनी पिकविले होते. मोजले ते त्याने, आणि त्या मोजण्यातून तीनास एक हे प्रमाण निघाले. आमची मुले 'तीनास एक' हे उत्तर पाठ करतात. मेंडेलने जे केले ते, म्हणजे मोजणे, त्यांस एकदाही करावयास मिळत नाही.

आणि बटाट्याचेच उदाहरण घ्या. अकरावीत बटाटा कोरून त्यात साखरेचे पाणी भरण्याचा परासरणाचा प्रयोग असतो. तो बहुतेक जर्नलांत नकलून काढलेला सापडेल. ह्याच बटाट्यावर केंब्रिज येथे काम करीत असता कमला भागवत, पुढील काळातील कमलाबाई सोहोनी, ह्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे आढळून आले, व त्या कामावर १९३९ साली त्यांना तेथील पीएच.डी. मिळाली. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारण्यात आला होता. तो त्यांनी झगडून मिळविला. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत राहून त्यांनी नीरा व सामान्य माणसाचे अन्न यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. बटाटा तोच आहे. एकीने तो कापून त्यास प्रश्न विचारला. आणि आपण आपल्या मुलींना त्याची आकृती पेन्सिलीने कशी छायांकित करावी एवढेच शिकवितो.

गणिताविषयी आणखी थोडे बोलणे अवश्य आहे, कारण येथे मुलांचे नुकसान प्रत्यक्ष होते. वैद्यकाकडे जावयाचे म्हणून अकरावीस गणित सोडून देण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे. पण पुणे, मोहाली, भोपाळ इत्यादी ठिकाणच्या 'आयसर' संस्था, ज्यांत मूलभूत विज्ञानाचे उत्तम शिक्षण मिळते, त्यांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान व गणित ह्या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. २०२४ पासून ह्या संस्थांचे दार त्या एकाच परीक्षेने उघडते. ज्या मुलाने सोळाव्या वर्षी गणित सोडले त्यास जीवशास्त्रच शिकण्यासाठी ह्या परीक्षेस बसावेसे वाटले, तर त्याचे चौथाई प्रश्न आधीच हातचे गेले! आणि परीक्षेचे सोडले तरी आजचे जीवशास्त्र गणितावाचून चालत नाही. रोगाची साथ किती वेगाने पसरेल, एखाद्या औषधाचा गुण खरा की योगायोगाचा, जंगलात वाघ किती, जनुकांच्या लांबलचक साखळ्यांत साम्य किती, हे सारे प्रश्न संख्याशास्त्राचे आहेत. जीवशास्त्र घ्या म्हणजे गणित सुटेल, असे मुलास सांगणारा हितचिंतक त्यास ज्या घरात पाठवितो त्या घराची किल्लीच काढून घेतो.

आता जरा बाहेर पाहू. परकीयांची नक्कल करावी असे आमचे मत नाही. परंतु दुसरा तोच प्रश्न कसा सोडवितो हे पाहण्यात कमीपणाही नाही. इंग्लंडात सोळा ते अठरा ह्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या वर्गास 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. तेथे विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेऊन ते सखोल शिकतात, आणि वैद्यकाकडे न जाणारा विद्यार्थीही जीवशास्त्राबरोबर रसायन व गणित हे विषय घेऊ शकतो व घेतो. २०१५ पासून शिकविल्या जाणाऱ्या तेथील नव्या अभ्यासक्रमात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने किमान १२ प्रयोग स्वतः केले पाहिजेत अशी अट आहे. त्या कामाचा निकाल गुणांत न मिळविता स्वतंत्रपणे नोंदविला जातो. ह्या पद्धतीवर तेथेही टीका झाली. जे गुणांत धरले जात नाही त्याकडे दुर्लक्ष होईल, अशी भीती पुष्कळ शिक्षकांनी बोलून दाखविली, व ती निराधार म्हणता येत नाही. पण त्यांनी दुसरीही एक गोष्ट केली. लेखी परीक्षेतील किमान १५ टक्के गुण प्रयोगांच्या समजुतीवर व जीवशास्त्रातील किमान १० टक्के गुण गणिती कौशल्यावर ठेवले. ज्याने प्रयोग केला नाही त्यास लेखी परीक्षेतही अडावे, अशी ही योजना आहे. आमच्याकडे तीस गुण प्रयोगांना आहेत आणि प्रयोग नाहीत. त्यांच्याकडे प्रयोगांना श्रेणीत जागा नाही, पण प्रयोगावाचून श्रेणी गाठणे कठीण. ह्या दोहोंत शहाणपण कोठे अधिक आहे हे वाचकांनीच ठरवावे.

'पण आमच्याकडे प्रयोगशाळा कोठे आहेत? सूक्ष्मदर्शके कोठे आहेत?' हा तिसरा आक्षेप. साधनांची टंचाई खरी आहे व ती दूर करणे हे सरकारचे कर्तव्य आहे; त्यात काडीचीही सूट देण्यास आम्ही तयार नाही. परंतु टंचाईच्या नावाखाली आळस लपविणे वेगळे. जे. बी. एस. हाल्डेन हा जगन्मान्य जीवशास्त्रज्ञ १९५७ साली इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, पुढे भारताचा नागरिक झाला, व १९६४ साली भुवनेश्वरी वारला. त्याने येथील तरुणांस जो धडा दिला तो असा की, ज्या देशात झाडे, पक्षी व कीटक दारात आहेत तेथे एक वही, एक पेन्सिल व मोजण्याची चिकाटी एवढ्यावर चांगले संशोधन होऊ शकते. त्याच्या भोवतालच्या मंडळींनी माळटिटवीच्या घरट्याजवळ बसून नर-मादी अंडी कशी उबवितात याच्या नोंदी घेतल्या. त्यास कोणते यंत्र लागले? आणि हाल्डेनच्याही पूर्वी, मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर सह्याद्रीत हिंडत असता त्यांस कृष्णेच्या खोऱ्यातील गोड्या पाण्यात राहणारा जेलीफिश आढळला, तोही कोणा प्रयोगशाळेत नव्हे. ज्यांच्या नावाने आज पुण्याची आघारकर संशोधन संस्था चालते त्या पुरुषाच्या शास्त्राचा आरंभ ओढ्याच्या काठी झाला. सह्याद्रीच्या कुशीतल्या ज्या गावी पावसाळ्यात दर दहा पावलांवर नवे फूल दिसते, त्या गावचा मुलगा बाहेर न पाहता 'पुष्पविन्यासाचे प्रकार' पाठ करतो, ही टंचाई साधनांची खास नव्हे.

हाच मुद्दा प्राण्यांच्या विच्छेदनाविषयीही लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली महाविद्यालयांतून विच्छेदन बंद केले. बेडकाचा जीव वाचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच्या जागी जिवंत बेडकाचे निरीक्षण आले काय? तो पावसाळ्यात कोणत्या आवाजाने मादीस बोलावितो, अंडी कोठे घालतो, शेतातील फवारणीने त्याचे काय होते, हे कोणी पाहू लागले काय? मेलेला बेडूक गेला व जिवंत बेडूक आला नाही. मध्ये राहिले ते केवळ चित्र.

आता ज्या गोष्टीमुळे हा प्रश्न केवळ शाळामास्तरांचा न राहता साऱ्या महाराष्ट्राचा होतो तिकडे वळू. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीस परवानगी मिळाली. ह्या बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे एक लहान पाकीट येत असे, व ते शेताच्या कडेने पेरावे असा नियम होता. का? तर साध्या कपाशीवर वाढलेल्या अळ्या विषास सरावलेल्या नसतात. त्यांचा संकर विषास दाद न देणाऱ्या थोड्या अळ्यांशी झाला म्हणजे प्रतिकार करणारी जात लवकर फोफावत नाही. हा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत आहे, बारावीच्या पुस्तकात आहे, व विदर्भातल्या प्रत्येक कपाशीच्या शेतात तो प्रत्यक्ष चालू होता. पुष्कळ शेतकऱ्यांनी ते लहान पाकीट पेरले नाही. त्यांस मूर्ख म्हणू नये. ते पाकीट कशासाठी आहे हे त्यांस पटेल अशा भाषेत सांगणारा माणूस गावात नव्हता. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी पोखरली तेव्हा त्या अज्ञानाची किंमत शेतकऱ्याने मोजली. नियम मोडणे हे त्या आपत्तीचे एकमेव कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण ते कारणांपैकी एक खास होते. त्याच गावांतली बारावी झालेली मुले त्या काळात काय करीत होती? उत्क्रांतीच्या प्रकरणावर कोणते प्रश्न येतात त्याची यादी पाठ करीत होती. आणि २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच वगळला गेला. दहावीनंतर बहुसंख्य मुले विज्ञान सोडतात, हे माहीत असूनही! त्याविरुद्ध १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी पत्रक काढले, त्यांस आमचा पूर्ण पाठिंबा आहे. उत्क्रांती काढून घेतली की जीवशास्त्र म्हणजे नावांची वखार होते.

हेच आरोग्याविषयी. १८९९ पासून मुंबईत परळला हाफकिनने प्लेगच्या लशीचे काम चालविले. १९५२ साली पुण्यात विषाणूंच्या संशोधनाचे केंद्र निघाले, तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. २०२० च्या महामारीत कोरोनाचा विषाणू ह्याच संस्थेत वेगळा करण्यात आला व त्यातून देशी लस झाली. २०१६ साली सिंधुदुर्गात माकडतापाची साथ आली, २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी झिका आढळला. ह्या प्रत्येक प्रसंगी डॉक्टर जितके लागले तितकेच डास ओळखणारे, गोचीड गोळा करणारे, नमुने तपासणारे, पाण्याची परीक्षा करणारे व आकडे मांडणारे लोक लागले. मांजरीस द्राक्षांची, राजगुरुनगरास कांद्या-लसणाची, सोलापुरास डाळिंबाची, नागपुरास कापसाची व संत्र्यांची राष्ट्रीय संशोधनकेंद्रे आहेत. राहुरीस कृषिविद्यापीठ आहे. नागपुरास पशु व मत्स्यविज्ञानाचे विद्यापीठ आहे. ह्यांपैकी किती संस्थांची नावे बारावीच्या विद्यार्थ्यास ठाऊक असतात? आपल्या तालुक्यापासून तासाभराच्या वाटेवर ज्या पिकावर आपले घर चालते त्या पिकाचे संशोधन चालले आहे, हे ज्यास कोणी सांगितले नाही, त्यास 'वैद्यक गेले, सर्व गेले' असे वाटले तर नवल कसले?

येथे आम्ही दुसऱ्या बाजूच्या लोकांसही चार शब्द सुनावू इच्छितो. काही संस्थाचालक व जाहिरातदार वैद्यकाऐवजी 'बायोटेक्नॉलॉजी'चे सोनेरी चित्र रंगवितात. पदवी घेताच परदेशी कंपन्या दाराशी येतील असे पालकांस भासवितात. ही फसवणूक पहिलीपेक्षा कमी निंद्य नाही. संशोधनाचा मार्ग लांब आहे. पाच वर्षे पदवीची, त्यानंतर पाच-सहा वर्षे डॉक्टरेटची, शिष्यवृत्ती वेळेवर मिळेलच असे नाही, आणि शेवटी जागा थोड्या. नुसत्या बी.एस्सी.वर औषधकंपनीचा प्रतिनिधी होऊन बॅग घेऊन फिरणारे तरुण आपण रोज पाहतो. हे मुलांस स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, अन्नप्रक्रिया, मत्स्यव्यवसाय, पशुवैद्यक, वनसेवा, सार्वजनिक आरोग्य, बियाण्यांची परीक्षा ही कामे खालच्या दर्जाची नव्हेत, व त्यांतील पुष्कळांस दहा वर्षे थांबावे लागत नाही. गरीब घरच्या मुलास स्वप्न दाखवू नये असे नाही. त्यास वाटेचा खर्च न सांगता स्वप्न दाखवू नये. खरे सांगणे ही त्याच्या तयारीची पहिली पायरी आहे.

भाषेचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलास अकरावीत एकाएकी इंग्रजी संज्ञांचा पूर येतो, आणि जे समजत नाही ते पाठ करणे एवढाच उपाय त्याच्या हाती राहतो. पाठांतराच्या रोगाचे एक मूळ येथे आहे. आमच्या भाषेस ह्या शास्त्राचे शब्द नाहीत असे म्हणणे हा कृतघ्नपणा होय. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासून, व मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून, हे काम करीत आली आहे. पेशी, गुणसूत्र, जनुक, प्रथिने, विकर हे शब्द आता रुळले आहेत. इंग्रजी संज्ञा शिकाव्याच लागतील, आणि शिकाव्यातही. परंतु अर्थ स्वभाषेत समजून मग परभाषेतील नाव शिकणे वेगळे, आणि अर्थाशिवाय नाव गिळणे वेगळे. बोंडअळीची गोष्ट बापास मराठीत सांगता येणार नाही अशा मुलास जीवशास्त्र आले असे आम्ही म्हणणार नाही.

ह्या सर्वांत वैद्यकाचे तरी भले होते काय? तेही नाही. रोगी हा चार पर्याय घेऊन दवाखान्यात येत नाही. ज्या तरुणाने पाहणे, मोजणे, शंका घेणे व 'मला अद्याप खात्री नाही' असे म्हणणे कधी शिकले नाही, तो उत्तम खुणा करून वैद्यकाच्या वर्गात बसला तरी त्यास ह्या गोष्टी तेथे नव्याने शिकाव्या लागतात, आणि त्या वयात सवयी लवकर मोडत नाहीत. म्हणून ज्यांस आपल्या मुलाने डॉक्टरच व्हावे असे वाटते त्यांनीही आमच्या म्हणण्यास विरोध करण्याचे कारण नाही.

उपाय काय, असे आम्हांस विचारले जाईल. आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. प्रात्यक्षिकाचे तीस गुण खरे करा. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभर आपल्या परिसरातील एका झाडाची, एका तळ्याची किंवा एका पिकाची स्वतः घेतलेल्या नोंदींची वही ठेवावी, व परीक्षकाने त्या वहीवरून त्यास प्रश्न विचारावेत. नकललेली वही पहिल्या प्रश्नासच उघडी पडते. जीवशास्त्र घेणाऱ्यास गणित सोडू देऊ नका. निदान मोजमाप व संख्याशास्त्र यांचा एक भाग जीवशास्त्रातच घाला. जिल्ह्यातील संशोधनकेंद्रास वर्षातून दोनदा भेट सक्तीची करा, आणि त्या केंद्रांनीही आपली दारे उघडावीत. दहावीच्या कोणत्याही पुस्तकात उत्क्रांतीस जागा असलीच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकविणारा माणूस नीट नेमा. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मजुरीवर, राबणारा अध्यापक आज येथे, उद्या तेथे. तो मुलांबरोबर ओढ्याकाठी कधी जाणार, आणि त्या वेळेचे पैसे त्यास कोण देणार? मजुराला बी पेरण्यास सांगून पीक येईपर्यंत शेतात राहू न देणारा मालक पीक बुडाल्याबद्दल कोणास दोष देतो?

ह्यांतील एकही गोष्ट अशक्य नाही, आणि एकही गोष्ट शिकवणीवर्गांच्या फीइतकी महाग नाही. ती होत नाही याचे कारण ती न झाल्याने ज्यांचे नुकसान होते त्यांस ते नुकसान दिसत नाही. वैद्यकाची जागा हुकली हे आईबापांस दिसते. जीवशास्त्र हुकले हे कोणासच दिसत नाही. पुढील साथ येईल, पुढील अळी येईल, तेव्हा ते दिसेल. पण त्या वेळी लागणारी माणसे त्या वर्षी तयार करता येणार नाहीत. ती आजच्या अकरावीच्या वर्गात, दुसऱ्याच्या जर्नलावरून आकृती उतरवीत बसलेली आहेत. त्यांच्यापुढचे ते जर्नल बाजूस सारून त्यांच्या हाती एक कोरी वही देणे, आणि त्यांस वर्गाबाहेर नेणे, हे काम कोणा आयोगाची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. ज्या अध्यापकास हे पटते त्याने येत्या सत्रापासून ते सुरू करावे. आणि ज्या पालकास पटते त्याने त्या अध्यापकाच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच आमची विनंती आहे.